रुसव्याचा पत्ता

६ फेब्रुवारी

नवऱ्याच्या नावावर ताटकळत बसलेल्या बायांनो, आपली तक्रार एकच आहे. हे सरकार आपल्याकडून एकाच तोंडाने दोन शपथा मागतं. पहिल्या अर्जात लिहा, या माणसाला सोडून मी कुठेही जाणार नाही, मरेपर्यंत इथंच राहीन. दुसऱ्या अर्जात लिहा, शिक्षण संपलं की मी इथून नक्की चालती होईन. दोन्ही शपथा खऱ्या हव्यात आणि दोन्हींखाली सही एकाच बाईची हवी.

सभेची सवय जात नाही. समोर वही आहे, हे मला कळतं. पण मायदेशी, बाहिर दार शहरात, मी शिक्षक संघटनेच्या व्यासपीठावरून वर्षानुवर्षं बोलले. आता परदेशात, विनिपेगमध्ये, हॉटेलच्या खोल्या आवरते आणि ऐकायला चादरी असतात. तेव्हा वहीलाच सभा मानते. ती निदान मध्येच उठून जात नाही.

आज नकार आला. माझा नवरा हब्तामू इथला नागरिक. त्याने माझी हमी घेऊन माझ्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आहे आणि तो अर्ज कुठल्या तरी टेबलावर झोपला आहे. मधल्या काळात मला शिक्षकांच्या एका अभ्यासक्रमात जागा मिळाली. तो केला की इथल्या शाळेत पुन्हा इतिहास शिकवता येईल. वर्ग सप्टेंबरला सुरू होतात आणि जागा ऑगस्टअखेरपर्यंतच राखून ठेवतील. कामाचा परवाना आहे, पण त्यावर इतका लांब अभ्यासक्रम चालत नाही. शिकण्याचा वेगळा परवाना लागतो. तो मागितला, तर उत्तर आलं: ‘मुक्काम संपल्यावर आपण देश सोडाल याची आमची खात्री पटलेली नाही.’

कशी पटेल? त्याच खात्यातल्या दुसऱ्या टेबलावर माझ्या लग्नाचे फोटो पडलेत, मी देश सोडणार नाही याची खात्री पटवायला! डाव्या हाताने वाचलेलं उजव्या हाताला कळत नाही, आणि अशा निर्बुद्धांच्या हाती माणसांची आयुष्यं दिली आहेत.

हब्तामूला पत्र वाचून दाखवलं. तो शहराची बस चालवतो, नुकताच आला होता. बूट काढता काढता म्हणाला, “जाऊ दे ना ब्रुक्ते. आधी पहिलं काम होऊ दे. एका दारावर दोनदा थाप मारली की आतला माणूस चिडतो.”

“आतला माणूस पगार घेतो, हब्तामू.”

“म्हणूनच तर चिडतो.”

केनियातल्या निर्वासित छावणीत तारुण्य घालवलेला माणूस. तिथं जो गप्प राहायचा त्याचं नाव यादीत आधी लागायचं, असा त्याचा ठाम समज आहे. मी त्याला हक्क या विषयावर बरंच ऐकवलं. त्याने ऐकलं, मान डोलावली आणि सकाळच्या पाळीसाठी माझे मोजे हीटरवर पसरत बसला. अशा माणसांच्या जिवावर क्रांती होत नसते.

११ फेब्रुवारी

शेवटी गाशे सिसायकडे गेले. आपल्यात कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला गाशे म्हणतात, लायकी असो वा नसो. हा कॉफीच्या दुकानातल्या मागच्या टेबलावर बसून लोकांचे अर्ज भरतो. त्याच्या संगणकात एकच पत्र आहे, नावं तेवढी बदलतात. त्या पत्रात गावी म्हातारी आई असते, शेत असतं, आणि त्या दोघांच्या ओढीने आपला माणूस शिक्षण संपताच विमानात बसतो.

“आई आहे ना?” त्याने विचारलं.

“वारली.”

“अरेरे. मग मावशी लिहू.”

“गाशे, मावशीसाठी कोण देश सोडतं?”

“इथल्या साहेबाला आपली मावशी कुठं ठाऊक आहे? मावशी म्हणजे आईच, असं एक वाक्य टाकू. शेत किती?”

“शेत नाही.”

“बाई, कागदावर सगळ्यांना असतं.”

मी उठले. उठताना मात्र त्याच्या तोंडून एक कामाची गोष्ट निघाली. कायद्यात म्हणे दोन हेतू एकत्र बाळगायची मुभा आहे: कायमचं राहायची इच्छा, आणि ती नाकारली तर निघून जायची तयारी. तेवढं सरळ लिहिलं तरी चालतं. “आणि नवऱ्याच्या हातच्या तीन ओळी जोड,” तो म्हणाला, “शिकू द्या, मी सोबत आहे, एवढंच. साहेबलोकांना नवऱ्याचं अक्षर बघायला आवडतं.” खरी गोष्ट अशा तोंडातून यावी याचा मला फार राग आला.

१९ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. चार पानं. देश, हक्क, हेतू, आणि खात्याची अक्कल, सगळ्यांचा समाचार घेतला आहे. हब्तामूला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, “निर्बुद्ध हा शब्द किती वेळा आहे?”

“दोनदाच.”

“एकदाच ठेवता येईल का?”

मी म्हटलं, ते माझं मी बघते, तू तुझ्या तीन ओळी दे. आठवडाभर ‘लिहितो, लिहितो’ चाललंय. आज कागद, पेन पुढ्यात ठेवलं. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मग म्हणाला, “तू शिकलीस, शाळेत लागलीस, की मग?”

“मग काय?”

“काही नाही.”

वाक्य पुरं करायचंही धाडस नाही! माझा तोल गेला. मी म्हटलं, तू छावणीतून बाहेर आलायस असं तुला वाटतं, पण तू अजून त्या रांगेतच वाडगा घेऊन उभा आहेस. त्याने पेन टोपण लावून खिशात ठेवलं आणि पाळीवर गेला. आज त्याची पाळी नव्हती.

२२ फेब्रुवारी

बॅग भरली आणि मुलुनेशकडे आले. कुर्फिया!

नव्या पिढीला हे सांगायला हवं. आपल्याकडची बायको रुसून निघते ती घर मोडायला नव्हे. ती नातलगाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी जाऊन बसते. मग ज्येष्ठ येतात, दोघांचं ऐकतात, नवऱ्याला चार शब्द सुनावतात आणि तिला मानाने परत नेतात. माझी आई पाच वेळा गेली होती आणि पाचही वेळा नवी शाल पांघरून परतली. कुर्फिया हा लग्नाचाच भाग आहे. जिला नवरा हवा असतो तीच रुसून बसते. नको असतो ती सरळ वकिलाकडे जाते.

मुलुनेश माझ्याच हॉटेलात काम करते. दार उघडून माझ्या बॅगेकडे बघत म्हणाली, “किती दिवसांचा रुसवा आहे? सोफा एकच आहे आणि त्याची एक स्प्रिंग वर आलीये.”

“ज्येष्ठ येईपर्यंत.”

“मग स्प्रिंग दुरुस्त करूनच घेते.”

सोफ्यावर बसूनच अर्ज पुन्हा भरला. चार पानं जोडली, नवऱ्याच्या ओळींशिवाय. ‘सध्या राहण्याचा पत्ता’ असा प्रश्न होता. गाशे सिसायने इथंही एखादी मावशी उभी केली असती. मी खोटं लिहीत नाही. जिथं राहते तिथला पत्ता लिहिला, मुलुनेशचा. पाठवून दिला. इतकं स्वच्छ मन घेऊन मी बऱ्याच दिवसांत झोपायला गेले नव्हते.

९ मार्च

चर्चचा मोठा उपवास सुरू आहे. दूध, मांस, अंडी बंद. मुलुनेशच्या शिरोवर, म्हणजे डाळीच्या पिठाच्या कालवणावर, दिवस चाललेत. ज्येष्ठांचा पत्ता नाही. आपले ज्येष्ठ! बाहिर दारला दोन दिवसांत दारात उभे राहिले असते. इथं एक जण गोदामात रात्रपाळी करतो, दुसरा धर्मगुरू असून इमारतींचा बर्फ ढकलतो. रुसलेल्या बाईसाठी यांना रविवारची सुट्टी मिळायची वाट बघावी लागते. परदेशात आलो आणि आपला कणाच मोडला.

मुलुनेश म्हणाली, “तुझा नवरा रोज फोन करतो मला.”

“काय विचारतो?”

“ती बोलतेय का, एवढंच.”

“आणि तू काय सांगतेस?”

“सांगते, बोलतेय, थांबतच नाहीये. मग तो हसतो. म्हणतो, म्हणजे बरी आहे.”

माझ्या बोलण्यावर हसतात दोघं! खिडकीखालूनच त्याची बस जाते. आज दुपारी थांब्यावर कुणीही नसताना ती थांबली, दार उघडलं, बराच वेळ उघडंच होतं, मग मिटलं आणि बस निघून गेली. वेळेआधी आला असेल आणि वेळापत्रक सांभाळत असेल. वेळापत्रक सांभाळण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. काल आणि परवाही वेळेआधीच आला होता.

२ एप्रिल

पत्र आलं. ‘आपल्या दोन अर्जांत दोन वेगळे पत्ते आढळले. आपण पतीसोबत राहत नसल्याचं दिसतं. हे लग्न खरं असल्याबाबत महिन्याच्या आत खुलासा करावा, अन्यथा वास्तव्याचा अर्ज नामंजूर होऊ शकतो.’

म्हणजे तो अर्ज गेला की कामाचा परवाना गेला, शिकण्याचा प्रश्नच मिटला, आणि कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाची तरी झाली.

बायांनो, बघा यांची कुवत! इतके महिने दोन टेबलं एकमेकांशी बोलत नव्हती. माझी इच्छा जुळवून बघायला त्यांना वेळ नव्हता, माझा पत्ता जुळवायला मात्र मिळाला. यांना पत्ता वाचता येतो, लग्न वाचता येत नाही. खरं लिहिणाऱ्या बाईला या देशात ही शिक्षा! आणि मावशीवाले सुखात आहेत.

संध्याकाळी हब्तामूचा फोन आला. घर सोडल्यापासून पहिल्यांदा थेट मला.

“ब्रुक्ते, पत्र आलंय.”

“मलाही आलंय.”

“तू पत्ता बदललास?”

“विचारला तो सांगितला.”

तो मग म्हणाला, “बरं. या रविवारी ज्येष्ठांना घेऊन येतो.”

“आता आणतोयस! बायको रुसली तेव्हा नाही, साहेब रुसला तेव्हा!”

“मी पहिल्याच आठवड्यात गेलो होतो गं त्यांच्याकडे. गाशे सिसायना वेळ नव्हता. लोकांचे कर भरायचा हंगाम चालू आहे त्यांचा.”

“गाशे सिसाय? तो ज्येष्ठ?”

“लोकांना तोच ठाऊक आहे,” हब्तामू म्हणाला.

६ एप्रिल

तिघे आले. धर्मगुरू, गोदामवाले आजोबा, आणि सगळ्यात पुढे कोट घालून गाशे सिसाय. रिवाज म्हणून मला उठून उभं राहावं लागलं. यासाठी मी माझ्या गुडघ्यांना कधी क्षमा करणार नाही.

“बस, बस बाई,” तो म्हणाला, “मावशी बरी आहे ना?”

मुलुनेशने कॉफी भाजायला घेतली. तीन फेऱ्या होईपर्यंत कुणी उठायचं नसतं, त्यामुळे पळवाट नव्हती. धर्मगुरूंनी हब्तामूला विचारलं, “चूक मान्य आहे?”

“आहे.”

“कुठली?”

“जी असेल ती.”

असला नवरा! नुसतं नमतं घ्यायचं, कशापुढे ते बघायचंही नाही. मग माझ्याकडे वळले. “बाई, तुझी?”

“माझी काहीच नाही.”

“अगं, उपवासाचे दिवस आहेत. थोडीशी तरी घे.”

“नाही.”

“असू दे,” हब्तामू म्हणाला, “तिचीही मीच घेतो.” त्यावर सगळे हसले. गोदामवाले आजोबा तर डोळे पुसेपर्यंत हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दुसऱ्या फेरीला खुलाशाचा विषय निघाला. गाशे सिसायने लगेच संगणक उघडला. “मैत्रीण आजारी होती, सेवेला गेली होती, असं लिहू.”

“मी ठणठणीत आहे!” मुलुनेश चुलीपासून ओरडली. “कामावर कळलं तर?”

मी म्हटलं, “लिहा, मी रुसले होते.”

“रुसण्याला त्यांच्याकडे रकाना नाही, बाई.”

“मग समासात लिहा!”

त्यावर ज्या माणसाने दीड महिना कागदाला पेन टेकवलं नव्हतं तो म्हणाला, “खरंच लिहू या. मी लिहितो.” आणि तिथंच, कॉफीच्या ट्रेवर कागद ठेवून त्याने लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: ‘माझी बायको रुसली होती. कशावरून ते तिला विचारा, मला अजून नीट कळलेलं नाही. ती शिक्षिका आहे आणि घरात विद्यार्थी मी एकटाच. मी तिला पुरत नाही, म्हणून तिला शाळेत जाऊ द्या.’

खात्याबद्दल एक शब्द नाही, हक्काबद्दल एक शब्द नाही! मी माझी चार पानंही सोबत जोडायला लावली. ‘निर्बुद्ध’ एकदाच ठेवला. खाली तिन्ही ज्येष्ठांनी, आम्ही या बाईला आज मानाने घरी पोचवलं, असं लिहून सह्या केल्या.

निघताना हब्तामूने पिशवीतून नवे बूट काढले, बर्फात घालायचे, आतून लोकरीचे. बाकीच्या नवऱ्यांनी शाली आणल्या असत्या. याने एप्रिलमध्ये बर्फाचे बूट! मापाला बरोबर बसले, एवढंच.

२० मे

मुलाखत झाली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, चोरांना बसवतात तसं. माझ्या समोरची अधिकारी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने विचारलं, घर का सोडलं? मी कुर्फिया मुळापासून समजावला. आईची पाच उदाहरणं दिली. ती टाइप करत राहिली आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे तुम्ही नात्यातून थोडी सुट्टी घेतली होती?”

“नाही. मी कामावरच होते.”

तिने भुवया उंचावल्या. मग म्हणाली, “तुमचं चार पानी पत्र मी चाळलं. तुमच्या मिस्टरांचं वाचलं.” चार पानं वाचायचीही ताकद नाही, आणि ही माझं भवितव्य ठरवणार! शेवटचा प्रश्न: वास्तव्य नाकारलं तर अभ्यासक्रम संपल्यावर जाल? मी म्हटलं, जाईन. जिथं मी नको तिथं मी एक दिवस राहणार नाही. “आणि मिस्टर?” मी म्हटलं, त्यांचं त्यांना विचारा. मला खरंच ठाऊक नव्हतं.

परत येताना बसमध्ये शेजारी बसलो होतो. बस दुसराच कुणी चालवत होता आणि हब्तामू त्याच्या प्रत्येक ब्रेकला नाक मुरडत होता.

“तुला विचारलं का?” मी म्हटलं.

“काय?”

“मी गेले तर तू काय करशील.”

“हं, विचारलं ना. म्हटलं, मी पण जाईन. बाहिर दारलाही बस असतात.”

“तिथल्या बसचं तुला काय ठाऊक! रस्ते बघितलेयस का? पगार किती मिळतो ते विचारलंयस?”

“नाही.”

तारुण्य छावणीत घालवून हा देश मिळवला, एका सहीला घाबरत आला, आणि आज एका वाक्यात सगळं सोडायला निघाला! इतक्या बेहिशेबी माणसाच्या हाती खरं तर स्टीयरिंगच देऊ नये. मला आणखी बरंच बोलायचं होतं. पण ऊन समोरून येत होतं, डोळ्यांना त्रास व्हायला लागला, म्हणून मी तोंड खिडकीकडे वळवलं. तो म्हणाला, “बोलत नाहीयेस? बरी आहेस ना?”

२७ ऑगस्ट

आला. शिकण्याचा परवाना आला. पहिल्या अर्जातही पात्रता मान्य झाली आहे, बाकीचं यथावकाश, म्हणजे त्यांच्या वेगाने, पुढच्या पिढीपर्यंत. जागा राखायच्या अगदी शेवटच्या आठवड्यात उपकार केले! मंगळवारपासून वर्ग. चार पानांचा परिणाम झाला हे उघड आहे. हब्तामूला तसं म्हटलं, तर म्हणाला, “होय तर.” त्याने माझ्यासाठी डब्याची पिशवी आणून ठेवली आहे, शाळेच्या पोरांकडे असते तसली.

आणि आज संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात रेदिएत, आपल्या चर्चमधली, लग्नाला वर्ष झालेली पोर. तिचा नवरा ट्रक चालवतो आणि तीही त्याच्या हमीवर रांगेत आहे. सोबत चाकांची बॅग.

“एतिये, मी पण कुर्फिया करून आले,” ती म्हणाली. आमच्यात मोठ्या बहिणीला एतिये म्हणतात. मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. “चर्चमध्ये सगळ्या सांगतात, तुम्ही साहेबालासुद्धा रुसायला शिकवलंत.”

“त्याने हात उचलला का?” मी आधी तेच विचारलं.

“छे! त्याच्या डोक्यात नाही येणार ते. माझ्या बोलण्यात बोलतो. आणि माझ्या आईचा आवाज ऐकून फोन कानापासून लांब धरतो. एतिये, मी पत्ता लगेच बदलून टाकते हं, खोटं नको राहायला. तुमचा पिनकोड काय?”

फोन तिच्या हातात उघडाच होता. आतून हब्तामूने तिसरं ताट ठेवलं. मी तिला बसवलं, जेवू घातलं आणि मग उभी राहिले. पुढं मी जे बोलले ते जसंच्या तसं इथं उतरवून ठेवते, कारण ते तिच्या एकटीसाठी नव्हतं.

“रेदिएत, त्याने हात उचलला असता तर मी आत्ताच तुला घेऊन पोलिसांकडे गेले असते आणि तुला परत त्या घराकडे बघूही दिलं नसतं. तसं कधी झालं तर अर्ज गेला खड्ड्यात, मध्यरात्री ये. पण तू रुसून आलीस. आपल्या आयांना रुसायला अख्खं गाव होतं. या लोकांनी तुला एक ओळ दिली आहे, ‘सध्याचा पत्ता’, आणि त्या ओळीवर ते तुझं लग्न मोजतात. यांची अक्कल तेवढीच आहे आणि ती वाढायची वाट बघत बसलीस तर तुझी सगळी वर्षं जातील. तेव्हा तो फोन खाली ठेव. बॅग उचल. हब्तामू तुला थांब्यापर्यंत सोडेल, समोरचीच बस तुझ्या दाराशी जाते. घरी जा आणि हवी तेवढी रूस. पलंगावर पाठ फिरवून रूस, जेवताना तोंड वळवून रूस, त्याच्या ट्रकच्या किल्ल्या लपवून रूस. पण त्याच दाराच्या आत. ज्येष्ठांना या रविवारी मी घेऊन येते आणि त्यांच्या पुढे मी बसते. ऊठ. निघ आता घरी.”